करड्या टोकाची काडी

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, ही कुठल्यातरी मोडक्या छत्रीची तार असावी. तसं वाटलं तर तुमचा दोष नाही. मी आता जेमतेम करंगळीएवढी उरले आहे. उदबत्तीच्या काडीइतकी बारीक आहे आणि माझ्या एका टोकाला करड्या रंगाचा पट्टा आहे. मी टंगस्टनची काडी आहे, वेल्डिंगची.

साध्या वेल्डिंगमधली काडी स्वतः वितळते आणि जोडात मिसळून जाते. टिग नावाचं वेल्डिंग वेगळं असतं, आम्ही त्या टिगच्या काड्या तशा नाही. आमच्या टोकातून वीज पत्र्यावर उडी घेते, पत्रा वितळतो, आम्ही मात्र जागेवर राहतो. त्या वेळी आमच्याभोवती आर्गन नावाचा वायू सोडलेला असतो. तो हवेला जवळ येऊ देत नाही. त्याच्यामुळे आम्ही जळून जात नाही आणि वितळलेला पत्रा काळा पडत नाही. हा आर्गन तुम्ही लक्षात ठेवा. आम्हाला जपणारा हा वायू एके दिवशी एका माणसाच्या जिवावर उठला होता. तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला कुणी वितळवून ओतलं नाही. टंगस्टन इतकं हट्टी असतं की त्याला वितळवणं फार अवघड. त्याची पूड करतात, ती दाबतात, भट्टीत भाजतात आणि ठोकून ठोकून बारीक काडी ओढतात. माझ्या पुडीत सेरियम नावाच्या धातूची चिमूटभर राख मिसळली होती. तिच्यामुळे मी थोड्याशा विजेवरही चटकन पेटते आणि स्थिर जळते. पातळ पत्र्याला असंच काहीतरी लागतं. ओळख पटावी म्हणून माझ्या टोकाला करडा रंग लावला आणि आम्हा दहा बहिणींना प्लॅस्टिकच्या एका डबीत घातलं.

ती डबी उज्ज्वलानं घेतली. उज्ज्वला आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकची. आयटीआय करून ती चाकणच्या एका कारखान्यात लागली होती. हॉटेलांच्या स्वयंपाकघरातली स्टीलची टेबलं आणि भांडी तिथं बनत. मुलींमध्ये तिचा हात सगळ्यात हलका. पत्रा कागदासारखा पातळ असला तरी तिच्या जोडाला भोक पडत नसे. तिची ट्रेनर म्हणायची, "काडी निवडतानाच अर्धं वेल्डिंग झालेलं असतं." उज्ज्वला हे मनावर घ्यायची. पत्रा हातात आला की आधी कड बोटांनी चाचपायची आणि मगच डबी उघडायची.

मग तिचं लग्न झालं आणि ती जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारला आली. आम्हीही आलो, तिच्या पत्र्याच्या पेटीत, सर्टिफिकेटाच्या खाली.

त्यानंतरची चार वर्षं मला आठवू नयेत असं वाटतं. पेटी उघडली जायची ती सणाला साडी काढायला. एकदा तिच्या सासूबाईंना, अंबाबाईंना, आमची डबी सापडली. गॅसची शेगडी नीट पेटत नव्हती. त्यांनी माझी एक बहीण काढली आणि बर्नरच्या भोकांत खुपसून जरा जोर दिला. आम्ही उष्णतेला भीत नाही, पण वाकवलं तर काचेसारख्या मोडतो. ती मधोमध मोडली. मग दुसरी घेतली. ती दुसरी मी होते. मी मोडले नाही एवढंच. दोन वर्षं शेगडीजवळच्या खिळ्याला, चिमट्याशेजारी, दोऱ्यानं बांधून लटकले. अंबाबाईंचा काही वाईट हेतू नव्हता. त्यांना मी काडी दिसले आणि मी काडीच होते.

उज्ज्वलाला ते दिसायचं. एकदा तिनं मला फडक्यानं पुसलं आणि परत खिळ्याला लावलं.

तिचे सासरे कुशाबा. चाळीस वर्षांपासून त्यांचं वेल्डिंगचं दुकान रस्त्याला लागून आहे. नांगराचे फाळ, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं त्यांनी जोडलं. हात असा की डोळे मिटून सरळ रेघ ओढावी. उज्ज्वला त्यांना मामा म्हणते. आपल्याकडे सुना सासऱ्याला तसंच म्हणतात. पुढे बंगल्यांना स्टीलचे कठडे लागायला लागले तेव्हा कुशाबांनी जुनं टिग मशीन आणलं. मशीनबरोबर लाल टोकाच्या जाड काड्या आल्या. कठड्यांचे पाइप जाड असतात. त्या कामाला लाल काडी चांगलीच आहे, मी तिची निंदा करणार नाही. पण कुशाबांनी ठरवून टाकलं की टिगची काडी म्हणजे लाल काडी.

उज्ज्वलाला त्यांनी दुकानात घेतलं ते पॉलिशला. एकदा तिनं विषय काढला. "मामा, पातळ कामाला बारीक काडी ठिवावी. माझ्याकडं हायेत."

कुशाबा हसले. "ती शेगडीची? अगं, मी लोखंड जोडतोय तवा तू जन्माला यायची व्हतीस. तू आपलं पॉलिश कर."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या रात्री तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि डबीत ठेवलं. डबी पेटीत न टाकता कामाच्या झोळीत टाकली. एवढंच केलं.

चैत्रातल्या एका सकाळी दुकानात फोन आला. निमगाव साव्याच्या दूध केंद्राचा सचिव दादाभाऊ बोलत होता. दूध गार ठेवायची मोठी स्टीलची टाकी गळायला लागली होती. तासाभरात कुशाबा आणि उज्ज्वला पिकअपमध्ये मशीन, आर्गनची टाकी आणि झोळी घालून तिथं पोचले.

केंद्रात लंकाबाई दारातच उभ्या होत्या. दोन गाईंचं दूध घालतात आणि रोज सकाळी टँकर गेला की टाकी धुतात. गळती त्यांनीच शोधली होती.

"रोज धुती मी हिला," त्या म्हणाल्या. "आज खालनं आंबूस वास आला. हात लावला तर वलं. मी म्हनलं, दादाभाऊ, टाकीचं पोट फुटलंय."

बाहेरचा पत्रा खालून कापून पाहिला. आतल्या पत्र्याला, दूध बाहेर पडायच्या नळीच्या मानेजवळ, बोटभर लांबीची चीर गेली होती. दोन पत्र्यांमधला स्पंज दूध पिऊन कुजला होता. तो खरवडून काढला. आतला पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. आणि चिरेपासून दोन बोटांवर गार करणाऱ्या गॅसच्या वाटा सुरू होत होत्या. तिथं भोक पडलं तर टाकी कायमची भंगारात.

"कंपनीचा मानूस तीन दिवसांनी येनार म्हनतोय," दादाभाऊ म्हणाला. त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. "शेजारच्या केंद्राची टाकी भरल्याली. पाच वाजता एकशे दहा घरचं दूध येनार. ह्या उन्हात रातभर ठिवलं तर सकाळी सगळं फाटंल. कुशाबा, तुमीच काय ते करा राव."

कुशाबा म्हणाले, "व्हईल."

त्यांनी टॉर्चमध्ये, म्हणजे काडी धरायच्या मुठीत, लाल काडी बसवली. उज्ज्वला शेजारी उभी होती. तिनं पत्र्याची कड बोटांनी चाचपली आणि हळूच म्हणाली, "मामा, आधी तुकड्यावर बघू. पत्रा लई पातळ हाय."

"बघायला येळ कुठाय?"

टाकीचं झाकण उघडून ते आत वाकले. करंट त्यांनी कमीच ठेवला होता, तेवढं त्यांनाही कळत होतं. पण जाड काडी थोड्या विजेवर नीट पेटत नाही. पेटली तर ज्योत एका जागी ठरत नाही, भुकेल्या वासरासारखी इकडून तिकडे धडकते. मी झोळीत होते आणि मला तो फडफड आवाज ओळखता येत होता. कुशाबांनी दोनदा प्रयत्न केला. मग सगळे करतात तेच त्यांनी केलं. ज्योत ठरावी म्हणून करंट वाढवला.

ज्योत ठरली आणि त्याच क्षणी पत्रा खाली गळून पडला. चिरेच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं. ते गॅसच्या वाटेच्या बाजूला सरकलेलं होतं. आता दोन बोटांचं अंतर दीड बोट राहिलं होतं.

कुशाबा बाहेर आले. तोंडावरची काच वर केली. लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला. दादाभाऊनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजला होता.

"मामा," उज्ज्वला म्हणाली, "मी बघू का?"

कुशाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती. चाळीस वर्षांत गावोगावच्या लोकांसमोर त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. टॉर्च त्यांनी तिच्या हातात दिली नाही. टाकीच्या कडेवर ठेवली आणि बाजूला झाले.

मित्रांनो, त्यानंतर डबी उघडली. किती वर्षांनी खऱ्या कामासाठी उघडली! डबीत लाल, हिरवं असं काही नव्हतंच, आम्ही सगळ्या करड्या. तिनं मलाच का उचललं ते मला माहीत नाही. माझ्यावर शेगडीचा काजळीचा डाग होता. कदाचित आधी मला वापरून टाकावं असं तिला वाटलं असेल.

तिनं मला धार लावायच्या चाकावर धरलं. आडवं नाही, उभं; म्हणजे चाकाचे ओरखडे माझ्या लांबीच्या दिशेनं उमटले. आडवे ओरखडे पडले तर वीज त्यांत अडखळते आणि ज्योत भरकटते. टोक पेन्सिलीसारखं निमुळतं केलं. आणि तोंडाला फडकं बांधून एकीकडे कुशाबांना सांगितलं, "मामा, लाल काडी घासतानाबी तोंड बांधत चला. तिच्यात थोरियम असतंय, घातक किरणं सोडणारं. ती धूळ छातीत जाऊ नये."

कुशाबा टाकीकडंच बघत होते. पण ऐकलं.

बाहेर कापलेल्या पत्र्याच्या एका तुकड्यावर तिनं आधी मला पेटवलं. पस्तीस अँपिअर. मी पहिल्या स्पर्शात पेटले. ज्योत सुईसारखी सरळ, जागेवरून हलली नाही. दोन वर्षं शेगडीची भोकं कोरल्यावर आपल्याला हे अजून जमतं, हे कळणं म्हणजे काय, ते मला सांगता येणार नाही.

आत उतरण्याआधी ती सगळ्यांना म्हणाली, "आता नीट ऐका. आर्गन हवेपेक्षा जड असतोय. टाकीत पान्यासारखा तळाला साचतो. त्याला वास नाय, रंग नाय. मानसाला कळतबी नाय आन् मानूस पडतो. मी मधून मधून पायानं टाकीवर ठोका मारीन. ठोका आला नाय तर मला भाईर वढा. कुनी आत उतरायचं नाय, उतरंल तोबी पडंल."

"वढायचं कसं?" दादाभाऊनं विचारलं.

लंकाबाई तडक बाहेर गेल्या आणि कुणाच्या तरी गाईचं दावं घेऊन आल्या. त्यांनीच ते उज्ज्वलाच्या खांद्यांखालून गुंडाळलं आणि दोनदा ओढून गाठ पाहिली. तळाची नळी उघडी होती, तिच्यातून साचलेला वायू वाहून जाणार होता. झाकणावर पंखा बांधून आतली हवा बाहेर ओढायची सोय केली.

ती आत उतरली आणि कुशीवर आडवी झाली. टाकीचं तोंड वर, काम खाली तळाशी. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

आधी तिनं भोक धरलं. कडेला एक टिपका, मग थांबायचं, पत्रा गार होऊ द्यायचा. मग समोरच्या कडेला टिपका. जोड भरायच्या बारीक तारेचं टोक पुढं करून थेंब थेंब धातू घालायचा. ठक, पायाचा ठोका वाजला. बाहेरून लंकाबाई म्हणाल्या, "हां पोरी." पुन्हा टिपका. भोक ज्वारीच्या दाण्याचं बाजरीच्या दाण्याएवढं झालं आणि मग बुजलं.

चिरेवर आलो तेव्हा वारा सुटला. केंद्राच्या मागं मोकळं रान आहे, दुपारचा वारा तिथून सरळ येतो. तो उघड्या नळीतून आत घुसला आणि माझ्याभोवतीचा आर्गन उडवून नेला. मी उघडी पडले. जोड काळा पडू लागला. उज्ज्वलाचा हात एक केसभर खाली आला आणि माझं टोक वितळलेल्या पत्र्यात बुडालं.

काडीच्या आयुष्यात याहून लाजिरवाणं काही नसतं. माझ्या टोकाला पत्र्याची गाठ चिकटली आणि माझा कण जोडात राहिला. तसा जोड दुधाच्या टाकीत चालत नाही. ती बाहेर आली. काळा भाग घासून काढावा लागला. माझं टोक मोडून नव्यानं धार लावावी लागली. मी अर्ध्या इंचानं कमी झाले. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

"नळीत फडकं कोंबते," उज्ज्वला म्हणाली. "आन् पंखा बंद करा. वारं आत आलं तर जोड व्हनार नाय."

लंकाबाईंनी तिला हातानं अडवलं. "आगं, मग त्यो तुजा वायू जाईल कुठनं?"

"दहा मिनिटांचं काम हाय, मावशी. ठोका मारतेच की मी."

कुशाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मघाशीच त्यांचा शब्द पडला होता, तो पुन्हा उचलायला जीभ रेटली नसावी. ती आत उतरली.

या वेळी काम सुंदर चाललं. वारा नव्हता. आर्गन माझ्याभोवती दाट, शांत होता. मी कधीच इतकी सुखात जळले नव्हते. चीर मागून मिटत येत होती, खवल्यावर खवला, सगळे एकसारखे. ठक. "हां पोरी." पुन्हा ठक. "हां."

मग तिचा श्वास मोठा झाला. मला वाटलं, उकाड्यानं. हात मात्र तसाच स्थिर. जोडाचा शेवटचा नखाएवढा भाग राहिला होता आणि तिला तो सोडवत नव्हता. ठोका मारायची वेळ झाली, गेली. माझी ज्योत लांबली. म्हणजे हात वर जात होता. मग तो खाली आला, टॉर्च पत्र्यावर आपटली आणि ज्योत विझली.

बाहेर लंकाबाई म्हणाल्या, "पोरी?"

आत आवाज नव्हता.

"ए पोरी! उज्ज्वला!" आणि मग त्या किंचाळल्या, "वढा! आरं वढा तिला!"

कुशाबांनी दावं दोन्ही हातांना गुंडाळलं. दादाभाऊनं मागून धरलं. एका हिसक्यात तिचे खांदे वर आले, पण पाय टाकीच्या कोपऱ्यात अडकला. कुशाबा आत झेप घेणार तेवढ्यात लंकाबाईंनी त्यांचा सदरा मुठीत धरला. "उतरू नगा! तिनं सांगितलंय उतरू नगा! तिरकं वढा, तिरकं!" त्यांनी दावं तिरपं ओढलं. पाय सुटला. तिघांनी तिला कडेवरून बाहेर घेतलं आणि सावलीत फरशीवर निजवलं.

ओठ निळसर झाले होते. कुशाबा तिच्या गालावर चापट्या मारत होते. त्यांच्या तोंडून "पोरी, पोरी" एवढंच निघत होतं. लंकाबाईंनी त्यांना ढकलून बाजूला केलं, "वारं लागू द्या तिला!" आणि पदरानं वारा घालू लागल्या. मी टाकीच्या तळाशी पडले होते. बाहेरचा एकेक क्षण मोजत होते. मोजता येण्यासारखं दुसरं काही तिथं नव्हतं.

मग खोकल्याचा आवाज आला. एक, आणि पुन्हा एक.

"काय झालं?" उज्ज्वलाचा आवाज. आणि लगेच, "किती राहिलं?"

"मरू दे ती टाकी!" कुशाबा ओरडले. मी त्यांचा आवाज इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "दूध फेकून देऊ. एक दिसाचं दूध गेलं तर गाव मरत न्हाई. गाडी काडा, दवाखान्यात न्यायचं हिला."

गावातल्याच डॉक्टरीणबाईंना दादाभाऊ गाडीवर घेऊन आला. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि सांगितलं की वेळेत बाहेर काढलं म्हणून निभावलं. आज पुन्हा आत उतरायचं नाही आणि डोकं दुखलं, उलटी झाली तर लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं.

साडेचार वाजले होते. केंद्राच्या दाराशी पहिल्या किटल्या येऊन टेकल्या.

कुशाबा उज्ज्वलाशेजारी फरशीवर बसले. मग त्यांनी नळीतलं फडकं स्वतः उपसलं, पंखा लावला आणि टाकीत चांगला वारा खेळू दिला. वायर ओढून टॉर्च बाहेर काढली. माझं टोक चेपलेलं होतं. त्यांनी मला बाहेर काढून तळहातावर ठेवलं.

"उज्ज्वला," ते म्हणाले, "हिला धार कशी लावायची?"

ती भिंतीला टेकून बसली होती. "उभी धरा, मामा. आडवी नको. टोक काडीच्या जाडीच्या दुप्पट-अडीचपट लांब घ्या."

त्यांनी तोंडाला रुमाल बांधला. ज्या हातांनी हजारो फाळ घासले, ते हात मला चाकावर इतक्या हळू टेकवत होते की मलाच अवघडल्यासारखं झालं.

"करंट?"

"पस्तीस. आन् शेवटाला लगेच हात काढू नका. ज्योत विझली तरी वायू चालू असतो, तो जोड गार हुईस्तोवर तिथंच धरा."

"बरं."

दावं त्यांनी स्वतःच्या खांद्यांखालून बांधलं. नळी उघडी ठेवली. वाऱ्याच्या बाजूला दादाभाऊ गोणपाट धरून उभा राहिला. दोन मिनिटं आत, मग बाहेर येऊन पाच मिनिटं श्वास, असं ठरलं. तसं आधीच ठरवता आलं असतं, पण घाईत माणसाला तेवढं सुचत नाही. नखाएवढ्या जोडासाठी ते तीनदा आत गेले. उज्ज्वला बसल्या जागेवरून ज्योतीचा आवाज ऐकत होती. "जरा जवळ, मामा," ती म्हणायची. आतून "बरं" यायचं. त्यांचा हात तर चाळीस वर्षांचा होता. त्याला आज फक्त योग्य काडी मिळाली होती.

टाकीत पाणी भरलं. खाली लंकाबाईंनी कोरडी वर्तमानपत्रं पसरली आणि स्वतः गुडघ्यांवर बसल्या. दारात किटल्यांची रांग लागली होती. पंधरा मिनिटांनी त्यांनी कागद उचलला, उलटा केला, गालाला लावला.

"कोरडा हाय," त्या म्हणाल्या.

जोड घासून, धुऊन, उकळत्या पाण्यानं टाकी साफ करून साडेसहाला दूध घेतलं. उशीर झाला म्हणून कुणी तक्रार केली नाही. परतताना गाडीत चढावर कुशाबा म्हणाले, "मला तवाच आडवायला पायजे व्हतं. फडकं कोंबलंस तवा. मी माझ्या मानापायी गप बसलो."

"चूक माझी व्हती, मामा," ती म्हणाली. "मला माहीत असून केलं मी."

मित्रांनो, त्याला आता तीन वर्षं झाली. दुकानात लाल काड्या अजून आहेत, जाड पाइपांना त्याच लागतात. पण आता पत्रा आला की कुशाबा आधी त्याची कड चाचपतात आणि विचारतात, "उज्ज्वला, कोनती?" माझ्या बहिणींनी शाळांच्या पाण्याच्या टाक्या जोडल्या, दवाखान्यातले ट्रे जोडले. मीही पुष्कळ काम केलं. प्रत्येक धारेला थोडी थोडी कमी होत गेले आणि आता टॉर्चला मला धरता येत नाही. डबीत पडून असते. झोळीबरोबर सगळीकडे जाते.

तुम्हाला आमच्यापैकी कुणी सापडली तर तिनं शेगडी कोरू नका, एवढं तर मी सांगेनच. पातळ पत्र्याला बारीक काडी घ्या, तिला स्वच्छ चाकावर उभी धार द्या, आधी तुकड्यावर पेटवून पाहा. पण आम्ही शेवटी काड्या. मोडलो तर दुसरी मिळते. टाकीत, विहिरीत, हौदात, कुठल्याही बंद जागी माणूस कामाला उतरला तर त्याच्यासाठी बाहेर कुणीतरी जागं ठेवा. आणि काही चुकतंय असं वाटलं तर मानापमान बाजूला ठेवून आधी बोला.

परवा ओतूरकडे एका मिठाईवाल्याच्या टाकीचं काम होतं. उज्ज्वला आत होती, पंखा चालू होता, दाव्याचं टोक कुशाबांच्या मनगटाला होतं. मालकानं हाक मारली, "कुशाबा, या हिकडं, चहा गार व्हतोय."

कुशाबांनी मानही वळवली नाही. "पोर भाईर आली की दोगंबी घिऊ," ते म्हणाले.